फर्नांडिस, रेमो

फर्नांडिस, रेमो : (८ मे १९५३– ). गोव्यातील रॉक गीतकार, संगीतकार, गायक व ध्वनिफीत-निर्माते. जन्म पणजी येथे. त्यांचे घर व कार्य प्रामुख्याने बार्देश तालुक्यातील शिवोली या गावाशी निगडित आहे. गोव्यातील पोर्तुगीज सत्ता १९६१ मध्ये संपुष्टात आली, तेव्हा ते आठ वर्षांचे होते. मुंबईच्या सर ज. जी. वास्तुकला महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले आणि त्याच सुमारास ‘सॅव्हेजेस’ या वाद्यवृंदात ते सामील झाले. १९७७ ते १९८० या काळात त्यांनी यूरोप व उत्तर आफ्रिकेत भ्रमंती केली. परतल्यावर वास्तुशिल्पाचा व्यवसाय न करता संगीत हेच क्षेत्र त्यांनी पत्करले.

भारतात स्वरचित इंग्रजी गीतांना त्या वेळी बाजारपेठ जवळजवळ नव्हती. हॉटेलांतील वाद्यवृंद परदेशी गीतांच्या नकला वाजवीत आणि ध्वनिमुद्रिका कंपन्यांचा भर चित्रपटसंगीतावर असे. मुंबईच्या कंपन्यांकडून प्रतिसाद न मिळाल्याने फर्नांडिस यांनी गोअन क्रेझी (१९८४) ही ध्वनिफीत घरीच, चार मार्गांच्या कॅसेट-ध्वनिमुद्रकावर तयार केली. गीतलेखन, स्वररचना, गायन, वाद्यवादन आणि मिश्रण ही सर्व कामे त्यांनी स्वतःच केली. मुखपृष्ठही त्यांचेच होते. तयार फिती स्कूटरवर लादून ते दुकानोदुकानी पोहोचवीत. अशा यंत्रावर तीन मार्ग भरल्यावर त्यांचे मिश्रण चौथ्यावर उतरवून मोकळे झालेले मार्ग पुन्हा वापरता येतात. मात्र दर पुनर्मुद्रणागणिक फितीची सळसळ वाढते आणि एकदा केलेले मिश्रण पुढे बदलता येत नाही. त्यामुळे प्रत्येक वाद्याची जागा आधीच ठरवावी लागते. त्यांच्या आरंभीच्या गीतांतील सुटसुटीत वाद्यरचनेचे श्रेय काही अंशी या मर्यादेलाही द्यावयास हवे.

स्थानिकता हा या गीतांचा खरा विशेष होय. बिघडलेला दूरध्वनी, सरकारी कारभार, पर्यटक, गोव्याच्या माणसांचा सुशेगादपणा हे त्यांचे विषय. इंग्रजी शब्दांवर कोकणी उच्चारांची लय चढविल्याने विनोद शब्दांइतकाच उच्चारांतूनही साधतो. मारियो मिरांदा यांच्या व्यंगचित्रांशी या दृष्टीचे नाते आहे. मात्र मिरांदांच्या रेषेतील सौम्यता फर्नांडिस यांच्याकडे नेहमीच आढळत नाही. पंतप्रधान राजीव गांधी यांच्या गोवाभेटीत त्यांनी गोव्याचे प्रश्न त्यांच्यासमोरच गीतरूपाने मांडले. त्यावर काहींनी औचित्यभंगाचा आक्षेप घेतला. राज्यकर्त्यास थेट संबोधून गाणे ही आपल्याकडील शाहिरांना परिचित रीत होय. आक्षेप घेणाऱ्यांना हे उमगले नसावे.

ओल्ड गोअन गोल्ड (१९८५) मध्ये ते जुन्या गोमंतकीय गीतांकडे वळले. पॅक दॅट स्मॅक (१९८६) हे मादक पदार्थांविरुद्धचे आवाहन. त्यातील उपदेश प्रामाणिक, परंतु उघडा आहे. गीतकार म्हणून फर्नांडिस उपहासात जितके समर्थ, तितके आवाहनात नाहीत. बॉम्बे सिटी (१९८७) मध्ये त्यांचे लक्ष महानगराकडे गेले. पुढच्या पॉलिटिशियन्स डोन्ट नो हाउ टू रॉक ॲन्ड रोल (१९९२) या ध्वनिफितीत राजकीय उपहास पुन्हा ठळक झाला. बासरीचा रॉकमध्ये त्यांनी केलेला वापर हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. बासरी तेथे भारतीयत्वाचा शिक्का म्हणून येत नाही, तर गिटारशी बरोबरीने बोलते. सर्व वाद्ये एकट्यानेच वाजविण्याच्या पद्धतीचा तोटाही नोंदविला पाहिजे : यांत्रिक तालामुळे काही गीते ताठर वाटतात. दुसऱ्या वादकाकडून मिळणारे अनपेक्षित उत्तर त्यांत नसते.

श्याम बेनेगल यांच्या त्रिकाल (१९८५) या चित्रपटात त्यांचा सहभाग होता. जलवा (१९८७) मुळे त्यांचा आवाज हिंदी भाषिकांपर्यंत पोहोचला, तर बॉम्बे (१९९५) मधील ए. आर. रहमान यांच्या ‘हम्मा हम्मा’ या गीताने तो देशभर झाला. चित्रपटांत मात्र त्यांच्यातील गायकच प्रामुख्याने वापरला गेला. तेथील श्रोत्यांपैकी अनेकांना शिवोलीच्या घरातील ध्वनिफितींची वार्ताही नव्हती. ओ, मेरी मुन्नी (१९९८) ही त्यांची हिंदी पॉप ध्वनिफीत लोकप्रिय झाली, परंतु तीत आरंभीची तीक्ष्णता ओसरलेली जाणवते. २००७ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. त्यांचे आत्मचरित्र २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.