लिंगोबाच्या डोंगराखालील गाणी

मागणीवरून लिहिलेल्या गाण्यास काव्य म्हणावयास आपले रसिक अजूनही कचरतात. कवीची खरी वाणी ती एकांतातली. प्रसंग, पात्र आणि चाल दुसऱ्याने नेमून दिली की कवीचा कारागीर झाला, असा या मंडळींचा हिशेब असतो. ना. धों. महानोर यांनी ‘जैत रे जैत’ या १९७७ च्या चित्रपटासाठी लिहिलेली गाणी पुन्हा ऐकताना हा हिशेब चुकीचा आहे, अशी आमची खात्री झाली.

आम्हां पनवेलकरांस या गाण्यांची भूमी परकी नाही. गोव्याच्या रस्त्यास लागले की थोड्याच वेळात कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. त्याच्या कपारींत आग्या मोहोळे लटकतात आणि आसपासच्या रानात ठाकरांच्या वाड्या आहेत. चित्रपटास आधारभूत झालेली गो. नी. दांडेकरांची कादंबरी याच परिसरातली. भगताचा पोर नाग्या, मधमाशीने घेतलेला त्याचा डोळा, लिंगोबाच्या डोंगरावरील राणीमाशीशी त्याने मांडलेले वैर आणि त्या वैरात त्याच्यासाठी जीव देणारी चिंधी, एवढीच कथा.

महानोर या मुलखाचे नव्हेत. १९४२ साली अजिंठ्याच्या परिसरातील पळसखेडे येथे जन्मलेला हा शेतकरी. ‘रानातल्या कविता’ (१९६७) या संग्रहाने त्यांचे नाव झाले. त्या कवितेचे लावण्य मान्य करूनही म्हणावे लागते की तिच्यातील ‘मी’ बहुधा एकटाच असतो. पीक, पाऊस आणि प्रिया, सर्व काही त्याच्याच डोळ्यांनी पाहिलेले. पुढे ‘वही’त लोकगीताचा सूर आला खरा, पण तोही घरच्याच अंगणातला. ठाकरांकडे येताना कवीस आपले शिवार मागे ठेवावे लागले.

शिवाय येथे तो एकटा नव्हता. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे, दिग्दर्शन जब्बार पटेलांचे, कंठ लता, आशा आणि रवींद्र साठे यांचे. ढोलाच्या ठेक्यावर शब्द बसवावयाचा म्हणजे सैल विशेषण टिकत नाही. परंतु आमच्या मते खरा लाभ याहून मोठा आहे. समूहगीतांत कवीचा ‘मी’ विरून ‘आम्ही’ होतो. आणि चिंधीच्या गाण्यांत जो ‘मी’ बोलतो तो कवीचा नव्हेच. नवऱ्याचे घर सोडून आलेली ही बाई न लाजता आपले सुख सांगते. पूर्वीच्या कवितेत स्त्री बहुधा पाहिली जात असे. येथे ती स्वतः पाहते.

आयरिश नाटककार सिंग यांस येट्सने आरन बेटांवर जाण्याचा सल्ला दिला, आणि तेथील कोळ्यांच्या बोलीने त्यांची लेखणी पालटली, हे इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकांस ठाऊक आहेच. महानोरांची गोष्ट त्याच जातीची आहे. १९८४ साली त्यांनी ‘अजिंठा’ हे दीर्घ कथाकाव्य लिहिले. त्यात चित्रकार रॉबर्ट गिल आणि पारो यांची कहाणी आहे. कवी आपल्या गावाजवळ परतला, पण दुसऱ्यांच्या सुखदुःखाची भाषा बरोबर घेऊन परतला. ठाकरांसाठी लिहिल्यावाचून हे काव्य अशा रूपाने सिद्ध झाले असते, असे आम्हांस वाटत नाही.

दोष नाहीत असे नव्हे. एखाद्या प्रणयगीतात शब्दांचा मोहर अंमळ अधिकच फुलतो, आणि ठाकरणीच्या आडून पळसखेड्याचा कवी डोकावतो. याहून मोठी खंत निराळीच. ही गाणी मैफिलींत आजही डोक्यावर घेतली जातात. परंतु त्या टाळ्या वाजविणाऱ्यांपैकी कितीजणांनी ठाकरांचे स्वतःचे गाणे ऐकले आहे? आम्हीही कर्नाळ्याच्या इतक्या जवळ राहून ते फारसे ऐकलेले नाही, हे कबूल केले पाहिजे.

महानोर २०२३ साली निवर्तले. त्यांच्या या गाण्यांस कारागिरी म्हणून बाजूस सारणाऱ्यांनी ती ‘रानातल्या कविता’ आणि ‘अजिंठा’ यांच्या मधोमध ठेवून पुन्हा ऐकावीत. ऐकून झाल्यावर एखाद्या सकाळी कर्नाळ्यापाशी उतरून वाडीची वाटही धरावी.