आकडा खरा, पण अर्थ कोणता?

इथं जुळे सोलापुरात नव्या घरांमध्ये स्वयंपाकाचा ओटा बहुतेक ग्रॅनाइटचा असतो आणि घराखाली असतो दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम, थोरियम सहसा बेसॉल्टपेक्षा जास्त. चांगला मीटर ओट्यावर धरला, तर आकडा अंगणातल्यापेक्षा थोडा चढलेला दिसू शकतो. म्हणून ओटा उखडायचा का? नाही. त्या जागेची नैसर्गिक पातळी आधी माहीत हवी. केरळात चवऱ्याच्या मोनाझाइटच्या वाळूवर जे नेहमीचं, ते सोलापुरात दिसलं तर मात्र शोध घ्यावाच लागेल.

2019 च्या ‘चेर्नोबिल’ मालिकेकडे आम्ही याच नजरेनं बघतो. तिचं एक श्रेय मोठं आहे. स्फोटानंतर ताशी 3.6 राँटगेन हा आकडा वर कळवला जातो आणि साहेब लोक निर्धास्त होतात. पण ती त्या मीटरची शेवटची हद्द होती! शंभर किलोच्या काट्यावर हत्ती चढवला तरी काटा शंभरच दाखवणार. हे मालिकेनं फार नेमकं पकडलंय.

चुकते ती अग्निशामक जवानाच्या गरोदर पत्नीच्या कथेत. तिथं किरणोत्सार साथीच्या रोगासारखा रुग्णाकडून पसरतो आणि पोटातलं बाळ तो शोषून आईला वाचवतं. हे शास्त्राला धरून नाही. किरणं अंगावर पडणं वेगळं आणि किरणोत्सारी धूळ अंगाला चिकटणं वेगळं. धूळ कपडे काढून, अंग धुऊन बरीचशी जाते. पोटात किती गेली ते वेगळं मोजावं लागतं. नुसती गॅमा किरणं लागलेला माणूस स्वतः किरणोत्सारी होत नाही.

तुम्ही म्हणाल, मालिकाच आहे, एवढं काय? ब्राझीलच्या गोयानियात 1987 मध्ये भंगारात आलेल्या यंत्रातली सीझियमची पूड घरोघर गेली. चार माणसं दगावली. त्यातल्या लहान मुलीच्या दफनाला विरोध करत लोकांनी दगड मारले. तिथं सुमारे 1,12,000 लोकांची तपासणी झाली, दूषित आढळले 249. बाकीच्या लाखावर लोकांना ‘तुम्ही स्वच्छ आहात’ हे मीटरनंच सांगितलं.

आपल्याकडे 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरीत असंच झालं. दिल्ली विद्यापीठातलं, 1985 पासून पडून असलेलं कोबाल्ट-60 चं यंत्र लिलावातून भंगारात गेलं. कोबाल्ट 5.27 वर्षांत निम्मं होतं. म्हणजे 25 वर्षांत उरला साधारण सत्ताविसावा भाग. ऐकायला किरकोळ वाटतं ना? पण मुळात किती होतं, हे कुणी विचारायचं? त्या उरलेल्या भागानं एका कामगाराचा जीव घेतला.

सफाईचंही तसंच. कोबाल्ट हा धातू, त्याचे तुकडे मीटरनं हुडकून उचलता येतात. सीझियमची पूड माती-भिंतीत मुरते, तिथं माती खरवडावी लागते, घरं पाडावी लागतात. आणि सफाई संपली कधी म्हणायची? आकडा शून्य झाल्यावर नव्हे. तो मूळ पातळीजवळ, ठरवलेल्या मर्यादेच्या आत आल्यावर. शून्य कुठंच येत नसतं. मीटरवर शून्य दिसलं, तर आधी सेल तपासा.

आता प्रश्न घेऊ.