खिशातला किल्ला

आज आपल्यासमोरची वस्तू तळहाताएवढी आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज साहेब आणि मडमा भेटीची कार्डं ठेवायला चांदीची चपटी डबी वापरत. आपल्याकडच्या छावण्यांतही हा रिवाज होता. नव्यानं आलेल्या अधिकाऱ्यानं भर दुपारी घरोघर जाऊन कार्ड टाकायचं. बंगल्याबाहेर त्यासाठी पेटी टांगलेली असे. माणूस भेटला नाही तरी चाले, नाव पोचलं म्हणजे झालं!

यांत नावाजलेल्या डब्या बर्मिंगहॅमच्या. नॅथॅनियल मिल्ससारख्या चांदीकारांनी 1830 ते 1850 च्या दरम्यान त्यांवर ऐतिहासिक वास्तू उठावात आणल्या : विंडसरचा राजवाडा, केनिलवर्थचा पडका किल्ला, वॉल्टर स्कॉटचं अ‍ॅबट्सफर्ड. साच्यानं पत्र्यावर चित्र उठवायचं, मग बारकावे हातानं काढायचे. स्कॉटची 'केनिलवर्थ' कादंबरी 1821 साली आलेली. वाचकांना तो किल्ला खिशात हवा होता.

कारागिरी उत्तम, यात वाद नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. कांटनं 1790 च्या ग्रंथात सौंदर्याचे दोन प्रकार सांगितले. वेलबुट्टीचं सौंदर्य स्वायत्त. ती कशासाठी, असं कुणी विचारत नाही. राजवाडा, शस्त्रागार, चर्च यांचं सौंदर्य परायत्त. वास्तू कशासाठी आहे, ही कल्पना त्यात गृहीतच असते.

आता भुजच्या ऊमरसी मावजींचं चांदीकाम बघा. पानाफुलांची दाट वेलबुट्टी, मधूनच एखादा प्राणी. ही वेलबुट्टी वेलबुट्टीच राहते. बर्मिंगहॅमच्या डबीनं मात्र किल्ल्याचीच वेलबुट्टी करून टाकली. केनिलवर्थ नुसता काळानं ढासळलेला नाही. यादवी युद्धानंतर, 1649 च्या सुमारास, पार्लमेंटच्या हुकमानं तो मुद्दाम पाडून निकामी केला गेला. डबीवर त्या पाडापाडीची निव्वळ शोभा होते. मालकाची आद्याक्षरं कोरायला जागा राखलेली असे. किल्ल्याची हकिगत सांगायला नाही.

आपण हसायचं कारण नाही. सत्कारातल्या चकचकीत स्मृतिचिन्हांवर आपणही किल्ले आणि देवळं उठवतोच की! आपला भुईकोट घ्या. तट, बुरूज, खंदक हे सगळं वेढा सोसायला बांधलेलं. मे 1818 मध्ये मन्रोच्या फौजेनं पेशव्यांच्या सैन्याला हरवून तो घेतला. स्मृतिचिन्हावर बुरूज दिसतो, वेढा दिसत नाही. 'स्मृती' हा शब्द तेवढा खाली उरतो.

मग चित्रं काढूच नयेत का? तसं आमचं म्हणणं नाही. वास्तू लहान झाली म्हणून बिघडत नाही. तिचा हेतू पुसला की बिघडतं. तेव्हा सत्कारमूर्तीच्या नावाखाली आणखी दोन ओळी कोरा : हे कशासाठी बांधलं आणि इथं काय घडलं. पत्र्यावर तेवढी जागा नक्की असते.