विरत्या कडेचे चित्र : बारामती-इंदापूर परिसरातील फलकांचा विचार

छायाचित्रातील व्यक्ती मूळ पार्श्वभूमीतून वेगळी काढून दुसऱ्या चित्रात बसविणे, आणि बसविताना तिची कड क्रमाक्रमाने विरळ करून मागच्या रंगात मिसळून टाकणे, ही क्रिया आज संगणकावर काही क्षणांत होते. व्यवसायाच्या भाषेत हिला ‘फेदर देणे’ म्हणतात. क्रिया सोपी झाली म्हणून तिचे मर्मही सोपे झाले, असे मात्र नाही. बारामती आणि इंदापूर ह्या दोन तालुक्यांत चौकाचौकांतून उभे राहणारे वाढदिवसाचे, स्वागताचे व श्रद्धांजलीचे फ्लेक्स म्हणजे ह्या क्रियेचे उघड्यावरचे प्रदर्शनच होय. हे फलक केवळ उपद्रव आहेत असे मानून त्यांच्याकडे पाठ फिरविण्याची सुशिक्षितांची वृत्ती असते. ते उभारण्याच्या कायदेशीरपणाचा प्रश्न महत्त्वाचा असला तरी तो वेगळा. जे चित्र तालुक्यातील प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे रोज येते, त्याची कलादृष्टीने तपासणी करणे हे टीकेचे कामच आहे.

विरत्या कडेचा इतिहास संगणकाहून पुष्कळ जुना आहे. आणि तो एक नसून दोन आहेत, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. जुन्या छायाचित्रकाराच्या अंधाऱ्या खोलीत भिंग व कागद ह्यांच्यामध्ये भोक पाडलेला पुठ्ठा धरीत आणि तो हलका हलवीत राहत. मधला चेहरा पूर्ण उमटे आणि त्याच्या भोवतीचा भाग पांढऱ्या कागदात विरून जाई. वाडवडिलांच्या चौकटीतल्या कित्येक तसबिरी अशा आहेत. ही पहिली परंपरा. दुसरी परंपरा अनेक काचा जोडून एक चित्र सिद्ध करण्याची. ऑस्कर रेलँडर ह्याने १८५७ मध्ये सुमारे तीस काचांतून एकच प्रसंगचित्र छापले. पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन ह्याने पाच काचांतून एका मरणोन्मुख मुलीचे चित्र सिद्ध केले. महाराष्ट्रात दादासाहेब फाळके ह्यांच्या ‘लंकादहन’ (१९१७) व ‘कालियामर्दन’ (१९१९) ह्या चित्रपटांतील चमत्कारदृश्ये ह्याच कुळातली होत.

पहिल्या परंपरेत कड रिकामेपणात विरते. दुसरीत ती दुसऱ्या चित्रात विरते. पहिली म्हणते, ‘हा चेहरा स्थळकाळापासून वेगळा केला आहे.’ दुसरी म्हणते, ‘ह्या दोन वस्तू एकाच ठिकाणी होत्या.’ युक्ती एक, पण विधाने परस्परविरोधी. फ्लेक्सच्या चित्रकलेतील बहुतेक गोंधळ ह्या दोन विधानांची गल्लत झाल्यामुळे उद्भवतो.

आता प्रत्यक्ष क्रियेकडे पाहू गेल्यास असे दिसते की, संगणक चित्रातील प्रत्येक बिंदूला ० ते २५५ ह्यांमधील एक अंक देतो. २५५ म्हणजे बिंदू पूर्ण दिसणे, ० म्हणजे त्याचा पूर्ण लोप. १२८ असेल तर सुमारे निम्मा रंग व्यक्तीचा आणि निम्मा मागच्या चित्राचा. ह्या मिश्रणाचे गणित पोर्टर व डफ ह्यांनी १९८४ मध्ये सुव्यवस्थित मांडले. १९९० मध्ये ‘फोटोशॉप’ आले, १९९४ मध्ये त्यात एकावर एक थर ठेवण्याची सोय झाली, आणि पूर्वी कसबी माणसाच्या हाती असलेली ही विद्या कालांतराने तालुक्याच्या गावातील लहान दुकानापर्यंत पोहोचली.

दोष शिरतो तो येथेच. पांढऱ्या भिंतीपुढे काढलेल्या छायाचित्रात केसांच्या टोकाशी असलेल्या बिंदूंत त्या भिंतीचा रंग आधीच मिसळलेला असतो. ती व्यक्ती भगव्या वा हिरव्या पार्श्वभूमीवर नेली म्हणजे डोक्याभोवती पांढरी किनार उमटते. ती झाकण्यासाठी कारागीर कड अधिक मऊ करतो, आणि किनार जाण्याऐवजी अधिक रुंद व धुरकट होते. वास्तविक उपाय उलट आहे. निवडीची रेषा आधी किंचित आत घ्यावी, मग ती मऊ करावी. आणि केसांचा भाग निराळा हाताळावा. मापाचे भानही तितकेच आवश्यक. दहा बिंदूंची मऊ कड इंचाला ३०० बिंदू असलेल्या छापील पत्रिकेवर एक मिलिमीटरही भरत नाही. इंचाला ७२ बिंदू असलेल्या फलकावर ती साडेतीन मिलिमीटर होते. तीस फुटांवरून पाहणाऱ्याला ह्या साडेतीन मिलिमीटरांतला चढउतार जवळजवळ जाणवत नाही. त्याला ती कड कापल्यासारखीच भासते. पडद्यावर सुंदर दिसलेली मृदुता चौकात नाहीशी होते, ती अशी.

परंतु ह्याहून मोठा दोष सरसकटपणाचा आहे. निसर्गात कोणत्याही देहाची कड सर्वत्र सारखी नसते. गांधी टोपीची कड धारदार, दाढीची विरळ, फेट्याच्या शेमल्याची हलती, खांद्याची ठाम. एकाच आकड्याने ह्या सर्वांना मऊ केले, की टोपी कापसाची होते आणि खांदा धुक्याचा. बा. सी. मर्ढेकर ह्यांनी सौंदर्याची मीमांसा करताना संवाद, विरोध आणि समतोल ह्या तीन लयी सांगितल्या. त्या दृष्टीने पाहता, सरसकट मऊ केलेल्या चित्रात संवाद तेवढा उरतो. विरोध नष्ट होतो, आणि विरोध नसल्यामुळे समतोलालाही काही काम राहत नाही. बारामतीत ज्यांचे आयुष्य गेले त्या मोरोपंतांच्या काव्यात लांबलचक संस्कृत समासांशेजारी साधे मराठी क्रियापद येऊन बसते. तेथील सांधा दिसतो, आणि दिसतो म्हणूनच त्यातील कौशल्य कळते. सांधा दिसणे हा दोषच असतो, असे मुळीच नाही.

ह्या परिसरातून आषाढी वारीत श्रीतुकाराममहाराजांची पालखी जाते. तिच्या स्वागतफलकांवर वरती तुकोबांची प्रतिमा बहुधा आकाशात विरलेली असते. मध्यभागी प्रमुख नेत्याची मोठी आकृती. आणि खाली कार्यकर्त्यांचे चेहरे गोल वा चौकोनी, काटेकोर कापलेल्या चौकटींत. कडेची मृदुता ही येथे मानाची पायरी झाली आहे. जो जितका वंद्य, तो तितका विरलेला. ही रचना कोणत्याही कलाशाळेत शिकविलेली नाही. तरी तिच्यात तुकोबांची विरती कड सर्वांत समर्पक ठरते, कारण ‘संत येथे उभे आहेत’ असा दावा ती करीत नाही.

दावा कोठे सुरू होतो, हे राजकीय फलकांत स्पष्ट दिसते. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस पक्षात फूट पडल्यावर बारामतीचेच असलेल्या शरद पवार ह्यांच्या छायाचित्राच्या वापराचा वाद उभा राहिला आणि मार्च २०२४ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयापुढे निघाला. अजित पवार ह्यांच्या गटाने ते छायाचित्र वापरू नये, असा न्यायालयाचा रोख होता. वादातील कोणत्याही पक्षाची बाजू न घेता त्यातून एक गोष्ट निश्चित होते. दोन चेहरे एका पार्श्वभूमीत मिसळणे ही केवळ सजावट नसून ते संबंधाचे विधान आहे, आणि त्या विधानाला ज्याचा चेहरा आहे त्याची संमती लागते. दोन चेहऱ्यांमधील रेषा पुसली, की त्यांच्यामधील अंतरही पुसले गेल्याचा भास होतो. हा भास ज्याच्या नावाने निर्माण होतो, त्याला तो नाकारण्याचा अधिकार असलाच पाहिजे.

ह्या सर्व विवेचनातून फलकचित्राच्या परीक्षणाची एक कसोटी हाती येते. मऊ कडेने सीमा मान्य केली आहे की लपविली आहे, हा प्रश्न प्रत्येक फलकाला विचारता येतो. श्रद्धांजलीच्या फलकावर दिवंगत माणसाचा चेहरा कोऱ्या पांढऱ्यात विरतो, तेव्हा ती कड खरे बोलत असते. तो माणूस आता कोणत्याही पार्श्वभूमीत नाही, एवढेच ती सांगते. कधी एकत्र न आलेल्या दोघांना एका सूर्योदयापुढे उभे करणारी कड कितीही सफाईची असली, तरी तिची सफाईच तिच्याविरुद्ध साक्ष देते. कसब दोन्हीकडे सारखेच लागते. मात्र आपण कोणते विधान करीत आहोत ह्याची जाण ज्या कारागिराला आहे, त्याच्याच कसबाला कला हे नाव शोभते.