दुचाकीचे परीक्षण आणि वाचकाचा विश्वास : मोटारसायकल मासिकांचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात सकाळी सिग्नलपाशी दहा मिनिटे उभे राहिले, तरी या शहराचे दैनंदिन जीवन दुचाकीवर किती अवलंबून आहे याची कल्पना येते. बाबा पेट्रोल पंप आणि नगर नाकामार्गे वाळूजच्या औद्योगिक वसाहतीकडे निघालेले कामगार, जालना रस्त्याने चिकलठाण्याकडे जाणारे कर्मचारी, तासिका गाठण्यासाठी धावणारे विद्यार्थी आणि त्यांना शिकवणारे आपण प्राध्यापक, हे सारे त्या गर्दीत असतात. यांपैकी अनेकांनी आपली गाडी कर्ज काढून घेतलेली असते आणि तिचे हप्ते दोन-तीन वर्षे पगारातून वळते होत असतात. चुकीची निवड झाली तर ती बदलण्याची सोय त्यांच्याजवळ नसते.

अशी निवड करताना नव्या पिढीचा शिक्षित ग्राहक मोटारसायकलविषयक मासिकांचा आधार घेतो. ही मासिके विश्वासार्ह आहेत काय, हा प्रश्न त्यामुळे केवळ हौशी मंडळींचा राहत नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार समीक्षेच्या अंगाने केला आहे. वाहनाचे परीक्षण हाही समीक्षेचाच एक प्रकार आहे. ग्रंथपरीक्षण वाचताना परीक्षक कोण, त्याची भूमिका कोणती, त्याने ग्रंथ पूर्ण वाचला आहे काय, असे प्रश्न आपण विचारतो. तेच प्रश्न येथे विचारले तर काय हाती लागते, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

निवडीचा उदय आणि परीक्षणाची गरज

परीक्षणाला अर्थ येतो तो निवड उपलब्ध असेल तेव्हाच. परवाना पद्धतीच्या काळात स्कूटरसाठी नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. जी गाडी मिळेल ती घ्यायची, अशा परिस्थितीत कोणती गाडी चांगली हा प्रश्नच उद्भवत नव्हता. १९८० च्या दशकाच्या मध्यास जपानी कंपन्यांच्या सहकार्याने इंड-सुझुकी, हीरो होंडा, यामाहा आणि कावासाकी बजाज यांच्या शंभर सीसीच्या मोटारसायकली बाजारात आल्या आणि भारतीय ग्राहकापुढे प्रथमच खरी निवड उभी राहिली. १९८५ मध्येच वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि औरंगाबाद हे दुचाकी वापरणारे शहर दुचाकी घडवणारेही शहर बनले.

१९९१ नंतरच्या उदारीकरणाने ही निवड आणखी विस्तारली. १९९८ च्या सुमारास ‘ओव्हरड्राइव्ह’सारखी इंग्रजी वाहनविषयक मासिके निघाली. २००१ मध्ये ‘पल्सर’ बाजारात आली आणि मोटारसायकल ही केवळ कामावर जाण्याची सोय न राहता तरुणांच्या आकांक्षेचे प्रतीक झाली. या आकांक्षेला शब्द पुरवण्याचे कार्य मासिकांनी केले. चौकातला प्रश्न ‘ॲव्हरेज किती देते?’ एवढाच होता. टॉर्क, सस्पेन्शन, वळणावरील स्थैर्य, ब्रेकची पकड हे विचारार्ह मुद्दे आहेत, हे वाचकाला या मासिकांनी शिकवले. हे त्यांचे ऋण मान्य करूनच पुढील चिकित्सा करावयाची आहे.

परीक्षक काय मोजतो

चांगल्या परीक्षणाचा सर्वांत विश्वासार्ह भाग म्हणजे त्यातील मोजमाप. गाडी शून्यावरून ताशी साठ किलोमीटर वेग किती सेकंदांत गाठते, त्या वेगातून थांबायला किती मीटर अंतर घेते, शहरात आणि महामार्गावर एका लिटरमध्ये किती चालते, हे आकडे उपकरणांच्या साहाय्याने काढलेले असतात. दुसरे मासिक तीच चाचणी घेऊन ते आकडे तपासू शकते. चूक उघडकीस येण्याची शक्यता असते, म्हणूनच येथे काळजी घेतली जाते. ज्या विधानाची पडताळणी होऊ शकते, त्यावर विश्वास ठेवण्यास आधार असतो.

कंपनीच्या जाहिरातीतील ॲव्हरेजचा आकडा बहुधा प्रमाणित चाचणीतून आलेला असतो. अशा चाचणीत वाहन प्रयोगशाळेतील रोलरवर ठराविक गतिक्रमाने चालवले जाते. तेथे वाहतूक कोंडी, मागे बसलेले माणूस किंवा उन्हाळ्यातील जालना रस्ता नसतो. मासिकाने रस्त्यावर मोजलेला आकडा त्यापेक्षा आपल्या अनुभवाच्या अधिक जवळ असतो. एवढ्या मर्यादेत मासिक हे ग्राहकाचे साहाय्यक आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

उसनी गाडी

यापुढे मात्र प्रश्न सुरू होतात. पहिला प्रश्न असा, की परीक्षकाच्या हाती आलेली गाडी कोठून येते? सर्वसाधारण प्रथा अशी, की ती कंपनीच पुरवते. पत्रकारांसाठी राखून ठेवलेल्या गाड्या कंपनीच्या तंत्रज्ञांनी तपासलेल्या असतात. नवे मॉडेल येते तेव्हा कंपनी पत्रकारांना एखाद्या निसर्गरम्य ठिकाणी किंवा शर्यतीच्या ट्रॅकवर बोलावते. प्रवास आणि निवास यांची व्यवस्था बहुधा तीच करते. परीक्षक काही तास गाडी चालवतो आणि लेख सिद्ध होतो. त्याच अंकात त्याच कंपनीची पानभर रंगीत जाहिरातही असते.

यावरून प्रत्येक परीक्षक लाचखाऊ आहे असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. अडचण अधिक सूक्ष्म आहे. कठोर लिहिले तर पुढची गाडी उशिरा मिळेल आणि स्पर्धक मासिकाचा लेख आधी छापला जाईल, ही जाणीव लेखणीला आपोआप सौम्य करते. असत्य लिहिले जात नाही. काही सत्ये लिहिण्याचे राहून जाते.

भारतीय प्रेस परिषदेने आर्थिक पत्रकारांसाठी घालून दिलेल्या निकषांत याची दखल आहे. कंपनीच्या खर्चाने दौरा केला असेल तर तसे वृत्तान्तात नमूद करावे, अशी त्यात अपेक्षा आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये जारी केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही उत्पादनाची भलामण करणाऱ्याने आपले कंपनीशी असलेले लागेबांधे उघड करावेत, असे सांगितले आहे. परीक्षण म्हणजे जाहिरात नव्हे. तथापि तत्त्व दोन्हींना सारखेच लागू पडते. जे मासिक ‘ही गाडी आम्हांला कंपनीने इतक्या दिवसांसाठी दिली’ असे प्रारंभीच सांगते, ते अधिक विश्वासास पात्र आहे.

याला पर्याय नाही असे मानण्याचे कारण नाही. अमेरिकेत १९३६ मध्ये स्थापन झालेल्या ‘कन्झ्युमर्स युनियन’ या संस्थेने आपल्या नियतकालिकात जाहिराती न घेण्याचे आणि चाचणीसाठीच्या वस्तू सामान्य ग्राहकाप्रमाणे बाजारातून विकत घेण्याचे धोरण ठेवले. ब्रिटनमध्ये १९५७ पासून ‘विच?’ हे नियतकालिक याच मार्गाने चालले आहे. महाराष्ट्रातही ग्राहक चळवळीची परंपरा क्षीण नाही. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू झाले आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. किराण्याच्या बाबतीत ग्राहकाला संघटित करणाऱ्या या परंपरेतून स्वखर्चाने गाडी विकत घेऊन तिची परीक्षा करणारे मराठी नियतकालिक मात्र उभे राहिले नाही. अशा नियतकालिकाचा खर्च अखेर वाचकालाच वर्गणीतून उचलावा लागतो. स्वस्त अंकाची उरलेली किंमत जाहिरातदार देतो, हे वाचकाने विसरू नये.

परीक्षणाची भाषा

समीक्षेच्या अभ्यासकाला भाषेतूनही बरेच कळते. परीक्षणांत दोष सांगण्याची एक ठराविक लकब आढळते. ‘मागचे सीट अधिक प्रशस्त असते तर बरे झाले असते’, ‘इंजिन वरच्या वेगात किंचित कुरकुरते, परंतु या किमतीत ते क्षम्य आहे’, अशा धाटणीची वाक्ये वारंवार येतात. दोष नोंदवला जातो आणि ‘परंतु’ने लगेच पुसला जातो. गुण मात्र विनाअट सांगितले जातात. शेवटी दिले जाणारे तारांकन पाहावे, तर बहुतेक गाड्या पाचपैकी साडेतीन ते साडेचार यांच्या दरम्यान बसतात. सगळेच विद्यार्थी प्रथम श्रेणीत उत्तीर्ण होऊ लागले, तर गुणपत्रिकेचे मोल काय राहते, हे प्राध्यापकांना निराळे सांगावयास नको.

तुलनात्मक परीक्षणे त्या मानाने अधिक उपयुक्त असतात. चार गाड्या एकाच रस्त्यावर, त्याच चालकांनी चालवल्या की कोणाला तरी चौथा क्रमांक द्यावाच लागतो. तेथे ‘परंतु’ची ढाल पुरत नाही.

परीक्षणात न मावणारा काळ

याहून मोठी मर्यादा काळाची आहे. परीक्षकाचा गाडीशी संबंध काही दिवसांचा, तर ग्राहकाचा आठ-दहा वर्षांचा असतो. मासिकांतील दीर्घकालीन चाचण्याही बहुधा काही हजार किलोमीटरवर संपतात. वाळूजला रोज ये-जा करणारा कामगार तेवढे अंतर वर्षभरातच कापतो.

एलएमएल कंपनीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तिची ‘फ्रीडम’ ही मोटारसायकल नव्या शतकाच्या आरंभी बाजारात होती. २००६ मध्ये कंपनीच्या कानपूर येथील कारखान्यात टाळेबंदी झाली. ज्यांनी गाडी घेतली होती त्यांची गाडी एका दिवसात वाईट झाली नाही. पण तिच्या मागे उभे राहणारे कोणी उरले नाही. हार्ले-डेव्हिडसनने सप्टेंबर २०२० मध्ये भारतातील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा महागडी गाडी घेणाऱ्यांनाही हीच चिंता लागली. पुढे हीरो मोटोकॉर्पशी झालेल्या कराराने ती काहीशी दूर झाली. सेकंदांत आणि मीटरमध्ये मोजणाऱ्या परीक्षणाला असे भवितव्य वर्तवता येत नाही, आणि ग्राहकाच्या दृष्टीने तेच निर्णायक ठरते.

येथे एक वैयक्तिक अनुभव नोंदवणे अप्रस्तुत ठरू नये. नोकरीच्या प्रारंभी प्रस्तुत लेखकाने दोन मासिकांतील परीक्षणे वाचून एक मोटारसायकल घेतली. परीक्षणांतील एकही विधान खोटे ठरले नाही. इंजिन लिहिल्याप्रमाणेच मुलायम होते, ब्रेक उत्तम होते. मात्र तिसऱ्या वर्षी एक साधा सुटा भाग मिळण्यासाठी पाच आठवडे थांबावे लागले आणि तो काळ शहर बसने व सहकाऱ्यांच्या मागे बसून काढावा लागला. वस्तुतः गाडी घेण्यापूर्वीच ओळखीच्या मेकॅनिकने बजावले होते, “सर, गाडी झकास आहे, पण सामान इथं मिळत नाही.” छापील शब्दापुढे तोंडी साक्ष दुय्यम मानण्याची आपल्या शिक्षणाने लावलेली सवय त्या वेळी महाग पडली.

मेकॅनिकची साक्ष

यावरून मासिक टाकून द्यावे आणि मेकॅनिकचे ऐकावे, असा सोपा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. मेकॅनिकसमोर येतात त्या बिघडलेल्या गाड्या. न बिघडलेल्यांची गणती त्याच्याजवळ नसते. त्याचा कल साध्या, जुन्या, हाताने खोलता येणाऱ्या यंत्राकडे असतो. एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाल्यावर कार्ब्युरेटरची जागा बहुतांशी फ्युएल इंजेक्शनने घेतली. अशा गाडीचा दोष शोधण्यास संगणकीय उपकरण लागते, आणि ते नसल्यास मेकॅनिकला ती गाडीच सदोष वाटू लागते. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या दुचाकींना एबीएस बंधनकारक झाले. त्याचे महत्त्व ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबून मोजणारे मासिकच अधिक नीट समजावू शकते. शेजाऱ्याचा सल्ला, ‘कंपनीत’ नोकरीला असलेल्या नातेवाइकाची शिफारस, यांनाही आपापले हितसंबंध आणि मर्यादा असतात. आपण घेतलेली गाडी वाईट आहे, हे कबूल करणारा गाडीमालक विरळाच.

त्यातल्या त्यात तटस्थ नोंद सदोष वाहनांच्या तक्रारींतून मिळू शकते. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने सदोष वाहने परत मागवण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला आणि १ एप्रिल २०२१ पासून त्यासंबंधीचे नियम लागू झाले. मासिकांनी अशा तक्रारींचा पाठपुरावा नव्या मॉडेलच्या स्वागताइतक्याच उत्साहाने केला, तर त्यांच्या विश्वासार्हतेत मोठी भर पडेल.

समारोप

मोटारसायकल मासिक हे चांगले साक्षीदार आहे. न्यायाधीश मात्र नव्हे. त्याने जे मोजले त्याबाबत त्याची साक्ष ग्राह्य धरावी. ज्याचा अनुभव घेण्यास त्याला अवसरच मिळाला नाही, म्हणजे टिकाऊपणा, सुटे भाग, सर्व्हिसिंग, जुनी गाडी विकतानाची किंमत, त्याबाबत त्याच्या मौनाला संमती समजू नये. गाडी कोणी दिली, किती किलोमीटर चालवली, कोणत्या रस्त्यावर चालवली आणि कशाशी तुलना केली, हे चार प्रश्न वाचकाने प्रत्येक परीक्षणाला विचारावेत. त्यांची उत्तरे देणारे परीक्षण स्वीकारावे आणि उरलेल्या प्रश्नांसाठी, तेच मॉडेल पाच वर्षे वापरलेला माणूस आणि ते दुरुस्त करणारा मेकॅनिक यांच्याकडे जावे.

हे कौशल्य आपण वर्गात काव्य आणि कादंबरीच्या निमित्ताने शिकवतच असतो. आपला विद्यार्थी पहिल्या नोकरीच्या पगारावर कर्ज काढून गाडी घेण्यास शोरूममध्ये जातो, तेव्हा ते त्याच्या उपयोगी पडत नसेल, तर त्याला दिलेले समीक्षेचे शिक्षण अपुरे राहिले असेच म्हणावे लागेल.