शके १७७५ आणि नागपूरचें खालसाप्रकरण

नागपूरचें राज्य कंपनी सरकारनें खालसा केलें, या विषयावर आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु त्यांतील बऱ्याच लेखनांत कालविभागाचा एक दोष आहे व त्यामुळें निर्णयहि एकांगी झाला आहे, असें आमचें मत आहे. रघूजी भोसले तिसरे हे ता. ११ डिसेंबर १८५३ रोजीं निवर्तले. गव्हर्नर-जनरल लॉर्ड डलहौसी याचें या राज्याविषयींचें मतपत्र, ज्यास इंग्रजी दप्तरांत मिनिट म्हणतात, तें ता. २८ जानेवारी १८५४ चें आहे. पुढें मार्च महिन्यांत राज्य इंग्रजी मुलखांत सामील झालें. इसवी सनाप्रमाणें प्रकरणें पाडणारा ग्रंथकार राजाचा मृत्यु एका वर्षाखालीं व राज्याचा लय दुसऱ्या वर्षाखालीं नोंदवितो. मग १८५३ सालच्या जगांतील घडामोडींची जंत्री देतांना नागपूरचें नांव येतें तें केवळ एका निपुत्रिक राजाच्या मृत्यूपुरतें.

आपल्या गणनेनें पाहिलें तर चित्र बदलतें. शके १७७५, प्रमादीनाम संवत्सर, याच्या चैत्र शुद्ध पक्षांत, ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं, मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी धांवली. त्यानंतर चारच दिवसांनीं हिंदुस्थानांतील लोहमार्गांविषयीं डलहौसीचें प्रसिद्ध मतपत्र निघालें. ता. २१ मे रोजीं निजामाशीं तह होऊन वऱ्हाड प्रांत कंपनीच्या ताब्यांत आला. जुलैंत अमेरिकेचा पेरी आपलीं जहाजें घेऊन जपानच्या किनाऱ्यास लागला. ऑगस्टांत पार्लमेंटनें कंपनीस नवी सनद दिली. आश्विनांत तुर्कांनीं रशियाविरुद्ध युद्ध पुकारलें. ता. २१ नोव्हेंबरास झांशीचे गंगाधरराव गेले. मार्गशीर्ष शुद्ध पक्षांत रघूजी गेले, फाल्गुनांत राज्य गेलें, आणि शक संपण्याच्या सुमारास इंग्लंड व फ्रान्स यांनीं रशियाविरुद्ध शस्त्र उपसलें. हें सर्व एका संवत्सरांत घडलें.

तथापि समकालीनत्व म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. पेरीचीं जहाजें आणि नागपूरची गादी यांचा संबंध काकतालीय न्यायानेंच लावावा लागेल. तो लावूं नये. निवड करण्याची कसोटी एकच : निर्णय करणाऱ्याच्या हातांतील कागदांत त्या गोष्टीचा उल्लेख किंवा उपयोग आहे काय? या कसोटीस लोहमार्ग, वऱ्हाड आणि कापूस हे तिन्ही उतरतात.

डलहौसीचें मतपत्र वाचतांना त्याची रचना ध्यानांत घ्यावी. आरंभीं हक्काचा विचार आहे. आप्पासाहेबांस पदच्युत केल्यावर १८१८ सालीं राज्य कंपनीच्या हातीं आलें व तिनें तें रघूजीस बक्षीस दिलें. औरस वारस नसल्यानें तें देणाऱ्याकडे परत आलें, असा हा युक्तिवाद आहे. त्यानंतर इष्टानिष्टाचा विचार येतो. इंग्लंडांतील गिरण्यांस कापूस हवा. मुंबई व कलकत्ता यांमधील सरळ मार्ग आपल्या मुलखांतून जावा. निजामाचें राज्य आपल्या मुलखानें वेढलें जावें. हा दुसरा भाग एप्रिल व मे महिन्यांतील कागदांशेजारीं ठेवून वाचला कीं पहिल्या भागाचें स्वरूप स्पष्ट होतें. तो न्यायाधीशाचा निकाल नसून वकिलाचें कैफियतपत्र आहे. मुंबईचा लोहमार्ग १८६७ सालीं नागपुरास पोंचला, हेंहि येथें स्मरावें.

हक्काच्या भागाची परीक्षा धर्मशास्त्राच्या दृष्टीनेंहि झाली पाहिजे; ती इंग्रजी ग्रंथांत फारशी होत नाहीं. पतीच्या स्पष्ट आज्ञेवांचून विधवेस दत्तक घेतां येतो कीं नाहीं, याविषयीं निबंधकारांत देशपरत्वें मतभेद आहे. दत्तकमीमांसाकार नंदपंडित तो अधिकारच नाकारतो. वंगदेशीं पतीची अनुज्ञा अवश्य मानिली जात असे. परंतु महाराष्ट्रांत मान्य असलेला नीलकंठाचा व्यवहारमयूख विधवेस हा अधिकार देतो. भोसल्यांचें मूळ सातारा प्रांतांतील देऊरचें. तेव्हां राजाच्या पश्चात् यशवंतराव आहेर यांस दत्तक घेऊन जानोजी नांव ठेवण्यांत आलें, तें कोणत्या शास्त्रानें तोलावयाचें हा पहिला प्रश्न होता. सातारा प्रकरणांत डलहौसीनें खासगी मालमत्तेपुरता दत्तक व राज्यापुरता दत्तक असा भेद केला होता. हा भेद राजनीतीचा आहे. आमच्या धर्मग्रंथांच्या माथीं तो मारतां येत नाहीं. कौन्सिलांतील कर्नल लो यानेंहि विरुद्ध मत लिहिलें. अशा जप्तीनें एतद्देशीयांचा इंग्रजांवरील विश्वास उडेल, असा त्याचा रोख होता. म्हणजे आक्षेप त्याच टेबलावर होता. तो अज्ञानानें दुर्लक्षिला गेला नाहीं.

उलट बाजूच्या साधनांचें काय? के याच्या इंग्रजी इतिहासांतून राजवाड्यांतील जिन्नसांची जप्ती, सीताबर्डीस झालेली जनावरांची विक्री व वृद्ध बांकाबाईंचा संताप हीं वर्णनें पुढील लेखकांनीं उचललीं. तीं करुण आहेत, परंतु परक्याच्या लेखणींतून उतरलेलीं आहेत. काशीराव राजेश्वर गुप्ते यांची भोसल्यांची बखर रेसिडेंट जेंकिन्स याच्या काळची. ती या प्रसंगास साक्षी होऊं शकत नाहीं. श्री. यादव माधव काळे यांनीं नागपूर प्रांताचा इतिहास मराठींत सिद्ध करून मोठें ऋण केलें. परंतु त्यावर इमारत चढविण्यास घरोघरचे कागद पाहिजेत.

ते कागद आज विकले जातात ते सुटे. येथें एक इशारा देणें अवश्य वाटतें. गांधीबागेच्या कापडपेठेच्या आसपास, इतवारींत किंवा महालांत, एखाद्या जुन्या घरांतून संवत् १९१०, आषाढ असा मितीचा कागद हातीं आला असें समजा. संवत् चैत्रादि असेल तर तो १८५३ चा होतो. तेव्हां रघूजी गादीवर होते. गुजराथी पेढीचा कार्तिकादि संवत् असेल तर तो १८५४ चा होतो. तेव्हां राज्य उरलें नव्हतें. त्या कागदांत सरकार असा शब्द आला तर तो भोसल्यांस उद्देशून कीं कंपनीस, हें मितीच्या अक्षरांवरून कळणार नाहीं. तो कागद कोणत्या वहींतला, त्याच्या मागेंपुढें कोणतीं पानें होतीं, रुमाल कोणत्या घराण्याचा, यांवरूनच तें ठरेल. शिक्क्यासाठीं किंवा सुंदर मोडी अक्षरासाठीं पान कापून घेणारा संग्राहक त्या पानाची साक्षच कापून टाकतो.

म्हणून संग्राहकांस विनंति कीं, रुमाल जसा मिळाला तसा ठेवावा, पानांस क्रमांक घालावे, मूळ मिती जशीच्या तशी उतरून इसवी तारीख तिच्याखालीं निराळी लिहावी, आणि नकल मंडळाच्या दप्तरीं द्यावी. डलहौसीची बाजू छापील व जुळवून ठेवलेली आहे. आपली बाजू शके १७७५ च्या रुमालांत आहे, आणि ते रुमाल सुटे होत चालले आहेत.