भिंतींनी धरलेला स्वर

'ऑफिशियम' ही ध्वनिमुद्रिका १९९४ साली प्रसिद्ध झाली. हिलियर्ड एन्सेम्बलचे चार गायक आणि यान गार्बारेक यांचा सॅक्सोफोन यांचे मुद्रण निर्माते मानफ्रेड आयशर यांनी स्टुडिओत न करता ऑस्ट्रियातील सांक्ट गेरोल्ड येथील मठात केले. गायक थांबतो, पण भिंती त्याचा स्वर लगेच सोडीत नाहीत. पुढचा स्वर त्या विरत्या नादातूनच उमटतो. (आपल्या मंदिरांतील कर्कश ध्वनिवर्धकांनी नेमका हाच अनुभव हिरावून घेतला आहे.) मृतांच्या प्रार्थनाविधीतील ईयोबाची याचना, मोरालेसने स्वरबद्ध केलेली, येथे तीनदा येते; एकदा सॅक्सोफोनविना. तीच मला अधिक प्रार्थनामय वाटते. सॅक्सोफोन क्वचित लाडिक होतो; कंठस्वर एकटे असले की दोन शब्दांमधली शांतताही ऐकू येते.